गाण्यांचं शेततळं : लिनक्सवर रॅम डिस्क कधी आणि कशी वापरायची

केळीच्या बागेतला ताशी ४ लिटरचा ड्रिपर तेवढंच पाणी सोडतो. त्याला जास्त नको असतं, आणि खंडही चालत नाही. विहिरीवरचा पंप मात्र विजेच्या वेळापत्रकावर चालतो. थ्री फेज आली की ड्रिपरला लागेल त्याच्या कितीतरी पट पाणी येतं, गेली की थेंबही येत नाही. मधे शेततळं किंवा टाकी असली की ठिबक बिनघोर चालू राहतं.

संगणकावर गाणं वाजतं तेव्हाही हेच चाललेलं असतं. साउंड कार्ड हा ड्रिपर. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात, दोन बाजूंचे, प्रत्येकी १६ बिटचे. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. ३२० केबीपीएसची एमपीथ्री फाईल असेल तर डिस्कवरून सेकंदाला फक्त ४० हजार बाइट उचलावे लागतात. आता दुसरी बाजू बघा. जुन्या लॅपटॉपमधली ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना सेकंदाला ६०-७० एमबी सहज देते. गरजेच्या शेकडो पट.

मग गाणं अडखळतं कशाने? खोळंब्याने. डिस्कचा सरासरी वेग भरपूर असतो, पण ती मधेच थांबते. वापर नाही म्हणून झोपलेली डिस्क पुन्हा पूर्ण वेगाने फिरायला काही सेकंद घेते. दुसरा प्रोग्राम तिला दुसऱ्या टोकाला पळवतो. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे वाचायची जागा एकदा हुकली की पुढची फेरी येईपर्यंत तेवढा वेळ जातो. स्वस्त पेनड्राइव्ह तर वाचता वाचता एकदम गप्प होतो. तेवढ्या वेळात मधलं बफर, म्हणजे पुढचा आवाज आधीच भरून ठेवलेली छोटी टाकी, रिकामं झालं की आवाज तुटतो. रॅम डिस्क, म्हणजे फोल्डरसारखा वापरलेला रॅमचा तुकडा, हे या खोळंब्यावरचं औषध आहे. दुसऱ्या कोणत्याही दुखण्यावर ते चालत नाही. म्हणून आधी निदान, मग उपचार.

आधी दोनदा वाजवून बघा

लिनक्स एकदा वाचलेली फाईल रिकाम्या रॅममध्ये आपणहून ठेवून देतं. याला पेज कॅश म्हणतात. त्यामुळे सर्वांत सोपी परीक्षा फुकटात होते: अडखळणारं गाणं पूर्ण वाजवा आणि लगेच पुन्हा वाजवा. दुसऱ्या वेळी ते रॅममधूनच येतं.

पहिल्यांदा अडखळलं आणि दुसऱ्यांदा सुरळीत वाजलं, तर दोष साठवणुकीचा आहे. रॅम डिस्क कामाला येईल. दोन्ही वेळा अगदी त्याच सेकंदाला अडखळलं, तर फाईलच खराब आहे. दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी अडखळलं, तर डिस्कला दोष देऊ नका. प्रोसेसर, यूएसबी, वीज किंवा बफरची मापं यांत कारण शोधा. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यायची तर संगणक रीस्टार्ट करा, म्हणजे कॅश रिकामी होईल.

(लेखातल्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाईप करायच्या.)

दुसरी तपासणी 'डीमेसेज'ची, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींची. तिथे डिस्कच्या नावापुढे 'आय/ओ एरर' दिसलं तर गाणी बाजूला ठेवा आणि आधी डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. ती डिस्क मरणपंथाला लागलेली असू शकते. 'यूएसबी रीसेट' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर केबल, हब किंवा पोर्ट बदलून बघा. तिसरी तपासणी 'आयओस्टॅट -एक्स १' ने होते. हे 'सिसस्टॅट' पॅकेजमध्ये मिळतं. त्यातल्या 'आर-अवेट' या रकान्यात वाचनाच्या विनंतीला सरासरी किती मिलिसेकंद थांबावं लागलं ते दिसतं. १०-२० असेल तर फिरत्या डिस्कसाठी ठीक आहे. आवाज तुटताना तोच आकडा शेकड्यांत किंवा हजारांत उडी मारत असेल तर चोर सापडला.

एक कारण आपल्याकडे बऱ्याचदा लक्षात येत नाही. कानबाई देवीच्या कार्यक्रमाला किंवा हळदीला लॅपटॉप सबवूफरच्या पेटीवर किंवा तिला टेकून ठेवलेला असतो. फिरत्या डिस्कचं वाचणारं हेड तबकडीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. बेसच्या दणक्यांनी ते रेषेवरून हलतं, वाचन चुकतं, डिस्क पुन्हा प्रयत्न करते आणि खोळंबा वाढतो. आवाज मोठा केला की गाणं तुटतं आणि लहान केला की नीट वाजतं, ही याची खूण. इथे रॅम डिस्क फार उपयोगी पडते, पण लॅपटॉप पेटीवरून उचलून वेगळ्या टेबलावर ठेवणं हा पहिला उपाय. त्याने डिस्कही वाचते.

शेततळं किती मोठं खणायचं

रॅम डिस्क म्हणजे रॅमचा एक तुकडा, जो फोल्डरसारखा दिसतो. त्यात फाईल टाकली की ती रॅममध्येच राहते आणि वाचताना डिस्कला हात लावावा लागत नाही. लिनक्सवर याचे दोन प्रकार कामाचे आहेत: टीएमपीएफएस आणि रॅमएफएस. टीएमपीएफएसला कमाल माप ठरवून देता येतं. रॅमएफएसला माप पाळताच येत नाही. चुकून जास्त फाइली टाकल्या तर ते सगळी रॅम गिळून संगणक गोठवतं. गाण्यांसाठी टीएमपीएफएसच घ्या.

माप काढायला गुणाकार पुरतो. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी घेते. पाच तासांच्या कार्यक्रमाची ३०० मिनिटं धरली तर ७२० एमबी होतात. फ्लॅक (दर्जा न गमावता दाबलेल्या) फाइली सीडीच्या कच्च्या मापाच्या निम्म्या ते दोन तृतीयांशाच्या आसपास बसतात, म्हणजे मिनिटाला ५ ते ७ एमबी, आणि पाच तासांना दीड ते दोन जीबी. २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या कच्च्या फाइलींना मिनिटाला ३४.६ एमबी लागतात, तिथे अख्खा संग्रह रॅममध्ये आणायचा विचारच सोडा. एका वेळी एक अल्बम पुरे.

४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेस्कटॉप स्वतःच सव्वा-दीड जीबी वापरतो. ब्राउझर बंद असेल तर १ जीबीची रॅम डिस्क निर्धास्त चालते. ८ जीबी असेल तर ३ जीबीपर्यंत जायला हरकत नाही. 'फ्री -एम' ही आज्ञा देऊन 'अव्हेलेबल' रकाना बघा, आणि त्याच्या निम्म्याहून जास्त कधीच घेऊ नका.

लगेच करून बघायचं असेल तर काही बनवायचीही गरज नाही. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर '/डेव्ह/एसएचएम' हे फोल्डर आधीपासून टीएमपीएफएस असतं आणि त्याचं कमाल माप एकूण रॅमच्या निम्मं असतं. त्यात एक फोल्डर करून गाणी टाकली की झालं. कायमच्या वापराला मात्र ते नको. बऱ्याच प्रणालींवर तुम्ही पूर्ण लॉगआउट झालात की सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) त्यातल्या तुमच्या फाइली पुसून टाकतं.

स्वतःची जागा अशी करा. आधी फोल्डर: 'सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/गाणी'. नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा. मग 'सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साईज=१जी टीएमपीएफएस /एमएनटी/गाणी'. 'डीएफ -एच /एमएनटी/गाणी' दिलं की १ जीबीची जागा दिसेल. ती लगेच अडवली जात नाही. जेवढ्या फाइली टाकाल तेवढीच रॅम खर्च होते. कर्नल ६.४ किंवा त्यापुढचा असेल तर साईजच्या पुढे स्वल्पविराम देऊन 'नोस्वॅप' हा पर्यायही जोडा. त्याचं महत्त्व पुढे येतं.

गाणी भरायला 'आरसिंक -ए' वापरा. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. ती नसली तर फोल्डरमधली गाणी यायच्या ऐवजी फोल्डरच आत जाऊन बसतं आणि प्लेअरला रस्ता सापडत नाही.

दर वेळी हाताने करायचं नसेल तर '/ईटीसी/एफएसटॅब' मध्ये एक ओळ टाका. तिचे सहा रकाने असे: टीएमपीएफएस, फोल्डरचा रस्ता, पुन्हा टीएमपीएफएस, 'साईज=१जी,नोफेल', शून्य, शून्य. 'नोफेल'मुळे काही चुकलं तरी संगणक सुरू व्हायचा थांबत नाही. पण ही ओळ फक्त रिकामं तळं बनवते. पाणी भरायला आरसिंकची आज्ञा सुरुवातीलाच चालेल अशी सोय वेगळी करावी लागते. 'क्रॉनटॅब -ई' ने उघडणाऱ्या, आपोआप चालायच्या आज्ञांच्या यादीमध्ये '@रीबूट' च्या पुढे ती लिहिली तरी भागतं. पेनड्राइव्हवरून भरत असाल तर तो तोवर जोडलेला असेलच असं नाही, म्हणून अशा वेळी हातानेच भरलेलं बरं.

इथेच बहुतेकांचं चुकतं

गाणी रॅममध्ये गेली, पण प्लेअरची प्लेलिस्ट अजून जुन्या पेनड्राइव्हचाच रस्ता धरून आहे. ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि ती दिसत नाही, कारण गाणं वाजतच असतं. खात्री करायची पद्धत एकच: रॅम डिस्कच्या फोल्डरमधून नवी प्लेलिस्ट बनवा, पेनड्राइव्ह अनमाउंट करा, काढून खिशात टाका आणि मग वाजवा. वाजलं तर ते रॅममधलं आहे.

दुसरी चूक स्वॅपची. रॅम कमी पडली की कर्नल टीएमपीएफएसमधली पानं स्वॅपमध्ये, म्हणजे पुन्हा त्याच डिस्कवर, नेऊन ठेवतो. शेततळ्यातलं पाणी परत विहिरीत. दिसायला फाईल रॅम डिस्कवर आहे, पण वाचताना डिस्कचाच खोळंबा भोगावा लागतो. 'नोस्वॅप' पर्याय हेच अडवतो. कर्नल जुना असेल तर कार्यक्रमापुरतं 'सुडो स्वॅपऑफ -ए' द्या, पण आधी अव्हेलेबल रॅम पुरेशी असल्याची खात्री करा. 'व्हीएमस्टॅट १' मधले 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने शून्यावर राहिले पाहिजेत. काही लिनक्सवर स्वॅप झेडरॅममध्ये असतो, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला. एमपीथ्री आणि फ्लॅक आधीच दाबलेल्या फाइली आहेत, त्या आणखी दबत नाहीत. तिथे गाणी गेली तर जागा वाचत नाही, काम मात्र वाढतं.

तिसरी चूक हावरेपणाची. ४ जीबीच्या यंत्रावर ३ जीबीचं तळं भरलं की मेमरी संपते आणि कर्नल कुठला तरी प्रोग्राम मारून जागा करायला बघतो. टीएमपीएफएसमधल्या फाइली कुठल्या प्रोग्रामच्या नसतात, त्यामुळे कुणालाही मारून ती जागा सुटत नाही. मारला जातो तो बऱ्याचदा प्लेअर किंवा डेस्कटॉपच.

आणि वीज. रॅम डिस्कवरचं सगळं वीज जाताच नाहीसं होतं. लॅपटॉपला बॅटरी असते, पण डेस्कटॉपला किंवा रास्पबेरी पाय या एका बोर्डाच्या छोट्या संगणकाला इन्व्हर्टरच्या अदलाबदलीचा क्षणभराचा झटकाही पुरतो. म्हणून रॅम डिस्कवर फक्त प्रत ठेवायची, मूळ फाईल कधीच नाही. पेनड्राइव्ह कार्यक्रम संपेपर्यंत जवळ ठेवा. एक जीबी पुन्हा भरायला यूएसबी २ च्या बऱ्या पेनड्राइव्हवरून एक मिनिटाच्या आसपास लागतं.

रॅम डिस्क न करताही

खरं सांगायचं तर पुष्कळांना एवढं करायची गरज पडत नाही. एमपीव्ही हा प्लेअर स्थानिक फाइलचा जेमतेम सेकंदभराचा भाग पुढे वाचून ठेवतो. त्याला '--कॅश=येस' सांगितलं की तो पुष्कळ पुढचं वाचतो, आणि नेहमीच्या लांबीचं गाणं अख्खं रॅममध्ये येतं. एमपीडी (पाठीमागे चालणारा गाण्यांचा सर्व्हर) वापरणाऱ्यांना तर ०.२२ या आवृत्तीपासून 'इनपुट_कॅश' मिळालेलं आहे. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये या नावाचा कंस उघडून साईज '५०० एमबी' लिहिली की रांगेतली पुढची गाणी तो वेळेआधीच रॅममध्ये आणून ठेवतो. एमपीडीवाल्यांनी हाच मार्ग धरावा. रॅम डिस्क केली तर रीस्टार्टनंतर फोल्डर रिकामं असताना एमपीडीचं अपडेट चाललं तर यादीतून गाणी गळतात.

डिस्क झोपते एवढाच त्रास असेल तर 'सुडो एचडीपार्म -बी २५४ -एस ०' पुढे डिस्कचं नाव द्या. ती झोपायची थांबेल. 'बी' आणि 'एस' ही दोन्ही अक्षरं इथे मात्र मोठ्या लिपीत हवीत.

रॅम डिस्क खऱ्या अर्थाने शोभते ती रास्पबेरी पाय ३ सारख्या बोर्डावर. त्याचे चारही यूएसबी पोर्ट आणि नेटवर्कचा पोर्ट एकाच यूएसबी २ च्या वाटेने प्रोसेसरकडे जातात. गाण्यांची डिस्क यूएसबीवर, डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) यूएसबीवर आणि फाइली नेटवर्कवरूनही येत असतील, तर एका पुलावर सगळ्यांची गर्दी होते. गाणी आधीच रॅममध्ये असली की पूल एकट्या डॅकला मोकळा मिळतो. रास्पबेरी पाय ४ पासून ही अडचण दूर झाली.

मे महिन्यात अडखळत असेल तर

जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, अँप्लिफायरच्या डोक्यावर, बंद डबीत ठेवलेला रास्पबेरी पाय त्याहून कितीतरी गरम होतो. चिपचं तापमान ८० अंशांवर गेलं की पाय स्वतःचा वेग उतरवायला लागतो आणि ८५ अंशांवर आणखी आवळतो. लॅपटॉपचंही तेच, पंख्यात कापसाची आणि धुळीची गादी बसलेली असली की तो लवकर गुदमरतो. अशा वेळी हिवाळ्यात व्यवस्थित वाजणारं यंत्र दुपारी अडखळतं आणि रात्री सुधारतं. डिस्कचा यात काही दोष नसतो.

पायवर 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' विचारा. उत्तर '०एक्स०' आलं तर सगळं ठीक. '०एक्स५००००' आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आणि वेगही उतरला. ५ व्होल्टचा पुरवठा ४.६३ व्होल्टखाली गेला की ही नोंद होते, आणि कारण बहुधा मोबाईलचा चार्जर आणि लांब, बारीक केबल. चांगला अडाप्टर, जाड आखूड केबल आणि डबीचं झाकण उघडं, एवढ्याने जे सुटतं ते रॅम डिस्कने सुटणार नाही.

बफरही वाढवून बघा. पाइपवायर या लिनक्सच्या आवाज सांभाळणाऱ्या व्यवस्थेत नेहमीचं माप १०२४ नमुन्यांचं असतं. ४८ किलोहर्ट्झला ते २१ मिलिसेकंद झाले. 'पीडब्ल्यू-टॉप' उघडून 'ईआरआर' रकाना वाजत असताना वाढतोय का बघा. वाढत असेल तर 'पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८' द्या. ४३ मिलिसेकंदांची टाकी मिळते. नुसती गाणी वाजवताना हा उशीर कानाला कळत नाही. कीबोर्ड किंवा माइक जोडून थेट वाजवायचं असेल तर मात्र तो खटकेल.

रॅममधून वाजवलं की आवाज गोड होतो, मोकळा होतो, असं बरेच जण सांगतात. दोन्ही ठिकाणच्या फाइलींचा 'शा२५६सम' (चेकसम, म्हणजे फाइलीतल्या मजकुराचा ठसा) काढून बघा, तो अक्षरन् अक्षर सारखा येतो. शेततळ्यात आणल्याने विहिरीचं पाणी बदलत नाही. गाणं तुटणं थांबतं, हा फायदा पुरेसा मोठा आहे. स्पीकरमधून सलग 'हूं' येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गेला तर तो अर्थिंगच्या वेटोळ्याचा (ग्राउंड लूपचा) दोष आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. मांडवात ओल्या जमिनीवर ते जिवावर बेततं.

उलट दिशेने, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी, रॅम डिस्क वापरायची असेल तर जास्त जपा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गाणी किंवा एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या २४ बिट ४८ किलोहर्ट्झला टिपल्या तर मिनिटाला १७.३ एमबी, तासाला एक जीबीहून थोडं जास्त लागतं. डिस्क खोळंबली तर त्यातला शब्द गळतो, म्हणून रॅमवर टिपण्यात अर्थ आहे. तिची कुरकुरही माइकमध्ये येत नाही. पण लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि एका फाइलीत २० मिनिटांहून जास्त ठेवू नका. प्रत्येक फाईल थांबवल्याबरोबर आरसिंकने डिस्कवर आणि पेनड्राइव्हवर अशी दोन्हीकडे उतरवा, तिन्ही ठिकाणचे चेकसम जुळवा, आणि त्यानंतरच पुढच्या गाण्यासाठी माइक सुरू करा.